मान खाली घालून पाहिलेली घळ

कॉलेजात भूगोल घेतला तेव्हा मला कळलं की दऱ्या नदी कापते, हिमनदी खरवडते, किंवा भूगर्भातल्या हालचालींनी जमीन खचून होतात. हिमनदी समजून घ्यायला मी फार कष्ट घेतले. बर्फ मी पनवेलच्या बाजारात लाकडाच्या भुशात झाकलेलाच पाहिला होता. तरी परदेशातल्या दऱ्यांची नावं मला घडाघडा येत.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि एकदा नापासही झालेला. मिठागरावर राबणाऱ्या वडिलांनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं, "आता नापास झालास तं मिठागरावर ये."

त्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी सरांनी आमच्या गावाजवळचीच घळ निवडली. मला म्हणाले, "तुम्ही तिथलेच ना? मग माहिती तुम्हीच सांगा. पास-नापास त्यावरच ठरवू."

मी हो म्हटलं. अडचण सांगायचा धीर झाला नाही. घळीच्या वरच्या टोकाला आमची कुळदेवी आहे. दरवर्षी आम्ही सगळे घळीतून तिच्याकडे जातो, पण मान खाली घालून. वर धबधब्यात देवी न्हाते, म्हणून कुळातल्या कुणी वर पाहायचं नाही. इतक्या वेळा गेलो, पण त्या घळीला उंच कडे आहेत हे मला ऐकूनच माहीत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा देवीची पूजा करणारी माझी आत्या नारळ घेऊन वाटेतच बसली होती.

"सायबाला बगू दे वर," ती मला हळूच म्हणाली. "तो काय आपल्या कुळातला नाय. तू मातर मान खाली."

घळीच्या मध्यावर सर थांबले. "हं, कड्याकडे बघून बोला."

मी हनुवटी जराशी उचलली. मागे आत्या खोकली. हनुवटी जागेवर आली.

"अरे, तुला दाखवायला आणलाय का?" एक वर्गमित्र म्हणाला. "नवरीसारखा काय लाजतोस?"

सगळे हसले. मला मिठागर दिसायला लागलं. मग खाली जे दिसत होतं आणि पायांना जे माहीत होतं, तेच चाचरत सांगू लागलो. हा खळगा कमरेइतका खोल आहे. आत गोटे आहेत. पावसाळ्यात पाणी गोटे गरागरा फिरवतं, आणि गोट्यांनीच खडक कोरला जातो. पुढच्या वळणावर काळा दगड संपून लाल पट्टा लागतो, तिथे पाय घसरत नाही.

सर त्या वळणापर्यंत जवळजवळ धावतच गेले. लाव्हाच्या दोन थरांमधली ती लाल माती त्यांनी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "तुम्ही सगळे कड्यांकडे पाहून पुस्तक म्हणून दाखवता," ते वर्गाला म्हणाले. "हा नदीचं काम नदीच्या तळाशी शोधतो. याला म्हणतात दृष्टी."

मी खालीच पाहत राहिलो. तो त्यांना विनय वाटला असावा.

मी पास झालो. वडील म्हणाले, "बरा झाला," आणि मिठागरावर निघून गेले. आत्याने गावभर सांगितलं, "मान वर नाय केली, म्हून पास झाला." सरांचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

पुढे मी शाळेत भूगोल शिकवू लागलो. दरवर्षी मुलांना त्या घळीत नेतो, वर बघा म्हणतो, कड्यांतले थर मोजायला लावतो. मुलं मोठ्यांदा मोजतात. उत्तर बरोबर आहे का, ते घरी जाऊन पुस्तकात पाहतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगतो.