चादरीचं समोरचं टोक

मावशींबद्दल कुणी विचारलं की आमच्या धुलाईखान्यातल्या बायकांचं उत्तर ठरलेलं, "देवमाणूस हो!" मला या शब्दाचा संताप येतो. देवमाणूस म्हटलं की आपण हात झटकायला मोकळे. देवाचे गुडघे दुखत नाहीत. मावशींचे दुखायचे, आणि ते सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं.

राग माझ्या नाकावरच असतो. कामावर मला ठिणगी म्हणतात, तेही तोंडावर.

धुलाईखाना मोठ्या इस्पितळाच्या तळघरात आहे. दिवसाला सातआठशे चादरी. यंत्र धुतं, यंत्र वाळवतं, पण घडी घालायला बाईच लागते, आणि एक नाही, दोन. समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे चार हातांत, झटका द्यायचा, उभी घडी, पुन्हा उभी घडी. मग एकीनं चार पावलं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे येऊन ताणायची, परत जायचं. दुसरी नुसती उभी. म्हणून एक चादर तू चाल, एक मी, असा नियम. सगळी भांडणं यावरूनच. "मघाशी मीच चालले!" "हो तर, तुझे पाय सोन्याचे!"

मावशींच्या टेबलावर भांडण नसे. जिची कंबर धरलीय, जिचे दिवस भरत आलेत, जिचं कुणाशीच पटत नाही, ती मावशींच्या समोर. चालायच्या मावशीच. तिशीत नवरा गेलेला, एका मुलाला या पगारावर वाढवलेलं, पण स्वतःची कर्मकहाणी कधी ऐकवली नाही. म्हणायच्या, "माझी सगळी पावलं जोडली तर पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असतील. आणि बघितलं काय? हेच तळघर!"

माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. एकविसाव्या दिवशी मी कामावर हजर, कारण घरी भिंती खायला उठायच्या. बायका येऊन म्हणायच्या, "होईल गं दुसरं." वाटायचं, एकेकीच्या कानाखाली वाजवावी. मावशींनी माझ्या जोडीदारणीला दुसऱ्या टेबलावर पाठवलं, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू फक्त टोकं धर." मग चालल्या. चार महिने चालल्या. "आता तू," असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मधूनच विचारायच्या, "पाणी प्यायलीस का?"

त्या दिवसांत नवजात बाळांच्या वॉर्डातल्या लहान चादरी आमच्याकडे आल्याच नाहीत. मला वाटलं, वॉर्ड रंगकामासाठी बंद असेल.

नंतर आमची जोडी तीच राहिली, नऊ वर्षं. मला दुसरं मूल झालं नाही. मावशींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि त्यांचे गुडघे गेले. चार पावलं दहा व्हायला लागली. उभ्या राहून त्या दिवसभर घड्या घालू शकत होत्या, चालणं तेवढं होत नव्हतं. मी बोलले नाही, पण सुस्कारे टाकायचे. आणि माझे सुस्कारे चारचौघींना ऐकू जातात.

तेवढ्यात नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर फळा लावला. कुठल्या जोडीचे किती गठ्ठे, ते रोज संध्याकाळी लिहायचे. महिनाअखेर जी जोडी सगळ्यांत खाली, ती मळक्या कपड्यांच्या खोलीत. त्या खोलीचं काय सांगू? वॉर्डातून उतरलेलं सगळं तिथं येऊन पडतं, रक्ताचं, लघवीचं, ओकारीचं. वेगवेगळं करत बसायचं. फरशी कायम ओली. वास केसांत बसतो, घरी मुलं जवळ येत नाहीत, असं तिथल्या बायका सांगायच्या.

तीन आठवडे आमची जोडी तळाला. उपाय मला ठाऊक नव्हता का? मी चालायचं, त्यांनी उभं राहायचं, झालं. चार महिने त्यांनी माझ्यासाठी तेच केलं होतं. पण मी साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "साहेब, मी मंद नाही. समोरचं टोक मंद आहे." नावसुद्धा घेतलं नाही त्यांचं. गरज सरो, वैद्य मरो.

दुसऱ्या दिवशी मावशींची बदली लागली. त्यांनी पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी उचलली. बायकांना म्हणाल्या, "मीच मागून घेतलं. तिथं चालावं लागत नाही." मला म्हणाल्या, "येते गं. कोपरे नीट जुळव, तू घाई करतेस." बायकांना खरं वाटलं. उलट माझंच सांत्वन करायला आल्या, "तुला किती चुकल्याचुकल्यासारखं होत असेल!" मी म्हटलं, "हो ना." जनाची नाही तर मनाची तरी लाज वाटायला हवी होती.

दोन महिन्यांनी मावशी त्या ओल्या फरशीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आमच्याच इस्पितळात, चार मजले वर, महिनाभर पडून होत्या. त्यांच्या अंगाखालची चादर माझ्या हातून गेलेली असणार. मी एकदाही वर गेले नाही. आज काय पाहुणे, उद्या काय डोकं दुखतंय. टाळणाऱ्याला कारणं काय, ढिगानं सापडतात.

एके दुपारी गाडीवाला दादा लहान चादरींची गाडी माझ्याजवळ लावताना सहज म्हणाला, "ताई, आता तुला चालतं हे. तुझं बाळ गेलं तेव्हा मावशींनी बजावलं होतं, ही गाडी हिच्या नजरेला पडू द्यायची नाही. मागच्या खोलीत ठेवायला लावायच्या. सुटल्यावर एकट्याच घड्या घालत बसायच्या, चार महिने."

काम सुटल्याबरोबर मी थेट मावशींकडे गेले.

मुलाच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर त्या होत्या. अंगानं निम्म्या झालेल्या. चालणं आता होणार नाही, असं सून मला दारातच हळू आवाजात म्हणाली. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच बोलले, "मावशी, साहेबांना मी सांगितलं होतं. मीच."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "त्यांनी मला बोलावून विचारलं होतं. तू सांगितलंस ते खरंच होतं, नाही कसं म्हणू?"

"मग बायकांना तसं का सांगितलंत?"

"अगं, कळलं असतं तर तुझ्यासमोर उभं कोण राहिलं असतं? आधीच तू ठिणगी."

मला हसूही आलं आणि रडूही. त्या हसल्या नाहीत.

"पण मला फार वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "ते मी लपवणार नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली असतीस, मावशी, जमत नाही, तर मी आपण होऊन गेले असते. नऊ वर्षं समोर उभी होते मी तुझ्या."

मग मी विचारलं, "आणि त्या लहान चादरी?"

"लहान चादरीला दुसरी बाई लागत नाही," त्या म्हणाल्या.

सुनेनं वाळलेल्या दोन चादरी आणून खुर्चीवर टाकल्या आणि ती आत गेली. मावशींनी पडल्या पडल्या दोन्ही हात पुढे केले. मी एका चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली, उरलेली दोन घेऊन दारापर्यंत मागे गेले. झटका दिला, उभ्या घड्या घातल्या, चालत गेले, वाकले, घडी उचलली, मागे आले, ताणली, परत गेले. कोपरे बरोबर जुळले. मग दुसरी चादर.

ती झाल्यावर त्यांनी सवयीनं पुन्हा हात पुढे केले. "हं, पुढची."

पुढची नव्हती. मी पहिल्या चादरीची घडी मोडली आणि तिची टोकं त्यांच्या हातात दिली.