पहिल्या हिसक्याला निघालेली गाडी

मी कमी बोलतो. लोकांना तो माझा सज्जनपणा वाटतो. गेलं वर्षभर तरी तो सज्जनपणा नव्हता, भित्रेपणा होता.

साताऱ्याच्या अलीकडे घाटात एक स्टेशन आहे. स्टेशन चढावरच आहे, त्यामुळे एकदा थांबलेली गाडी तिथून उठायची म्हणजे इंजिनाचा घाम निघायचा. माझं लहानपण त्या स्टेशनसमोर गेलं. ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, एक हिसका बसायचा, चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी हातभर मागंच यायची. मग चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर वाळू पडायची आणि पुन्हा हिसका. पहिल्या हिसक्याला आमच्या गावचा माणूस हातातला चहासुद्धा खाली ठेवत नसे. दुसऱ्याला कप ठेवायचा, तिसऱ्याला चढायचं. पहिल्याला जो धावला तो परगावचा, असं आम्ही खुशाल ओळखायचो.

गेल्या वर्षी सासऱ्यांचे डोळे दाखवून आम्ही दोघं पुण्याहून पॅसेंजरनं सांगलीला निघालो होतो. सासरे जुन्या वळणाचे जैन शेतकरी. दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि चालत्या गाडीत जेवत नाहीत. (मी रात्री दहाला जेवतो. हे त्यांना माहीत नाही. आता होईल.) मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला पुढं काढायला आमची गाडी नेमकी माझ्या स्टेशनात थांबली. एक्स्प्रेस निघून गेली. ऊन डोंगरावर टेकलं होतं.

मी म्हणालो, "मामा, खाली बाकावर बसून निवांत जेवून घ्या. मी जागा धरतो."

"एक्स्प्रेस गेली की हो पावणं. आता ही निघंल."

"मामा, मी इथला आहे. ही गाडी पहिल्या हिसक्याला निघत नाही."

जावयाचा शब्द. बिचारे उतरले. खिडकीसमोरच्या बाकावर बसून त्यांनी डबा उघडला, दशमी मोडली, शेंगाचटणी घेतली. तेवढ्यात शिट्टी झाली. मामा डबा घेऊन उठले. आणि मी, खिडकीतून हात बाहेर काढून, त्यांना खाली बसा म्हणून खुणावलं. ते बसले.

मधल्या काळात त्या मार्गावर विजेची इंजिनं आली होती. ते मला माहीत होतं, वरच्या तारा समोर दिसत होत्या. पण माहीत असणं वेगळं आणि अंगातली खोड वेगळी. हिसका बसलाच नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी निघाली.

समोर सुट्टीवर निघालेला एक फौजी बसला होता. तो ओरडला, "आवं, गाडी सुटली की! म्हाताऱ्याला बसा काय म्हनताय?"

"थांबा हो. आत्ता मागं येईल."

"मागं? कशाला, डबा न्यायला?"

तो साखळीकडं झेपावला तर मी त्याचा हात धरला. चढावर साखळी ओढली तर गाडी पुन्हा उठायची नाही, असं मी त्याला समजावून सांगितलं. समजावून होईपर्यंत स्टेशन दिसेनासं झालं. मामांचा मोबाईल त्यांच्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर.

पुढच्या स्टेशनला उतरून मी रिक्षानं मागं आलो. मामा बाकावर शांत बसले होते. जेवण दिवस असताना झालं होतं. म्हणाले, "चटणी चांगली होती." एवढंच.

रिक्षातच बायकोचा फोन आला होता. मी सांगून टाकलं, "मामा चुकून खाली राहिले."

त्या एका वाक्यानं मामांचं काय झालं ते ऐका. वय झालं, विसरायला लागले, असं घरानं ठरवलं. मेहुण्यानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. हळदीच्या बाजारात एकट्यानं जाणं बंद. खिशात पत्त्याची चिठ्ठी, सकाळी ब्राह्मीचा काढा. नातवंडं येता-जाता विचारायची, "आजोबा, आज वार कोणता?" मामा वार सांगायचे, वर तिथी सांगायचे. माझं नाव एकदाही घेतलं नाही. जावयाला उघडं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. आणि मी दर सणाला जाऊन पुरणपोळी खाऊन येत होतो.

गेल्या आठवड्यात सगळे जेवायला बसलो होतो. फलटणला त्यांच्या मित्राच्या नातीचं लग्न होतं. मामा म्हणाले, "मी जाऊन येतो." मेहुणा म्हणाला, "एकट्यानं? मागल्या वेळचं इसरला व्हय?"

मामा ताटातली भाजी सारखी करत राहिले.

मी घास गिळला. "मीच उतरवलं होतं त्यांना. गाडी सुटताना ते उठले, तर मीच खुणेनं बसवलं."

बायकोनं वाढायचा चमचा हवेतच धरला. मेहुणा म्हणाला, "दाजी, वरीसभर गप बसलात?"

मामांनी पहिल्यांदा मान वर केली. "बोललात एकदाचं! आवं, वाट बघून बघून बादलीभर काढा प्यालो की मी."

मेहुण्यानं उठून किल्ली आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. बायकोला अजून धीर नव्हता. ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, फलटणला जाताना सोबतीला यांना तरी न्या."

मामांनी किल्ली खिशात टाकली. "ह्यांना नको गं बाई," ते म्हणाले, "मला वेळेत पोचायचं हाय."