माझ्या चपला कोण सरळ ठेवतंय?

गळीत संपून बॉयलर थंड झाला की माझं डोकं तापायला लागतं. फलटणकडच्या एका साखर कारखान्यात मी बॉयलरवर असतो. हंगामभर वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं आणि काटा जरा हलला की संशय घ्यायचा, हे माझं काम. उन्हाळ्यात काटा नसतो, सवय मात्र राहते. मग ती घरातल्या माणसांवर चालते.

गेल्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ बायको-लेकीला घेऊन सांगलीहून महिनाभर राहायला आला. वडील गेल्यापासून तो असा कधी राहिला नव्हता. नाताळला यायचा, चर्चमधली मिस्सा झाली की जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. घर वडिलांनी बांधलेलं, दोघांच्या नावावर. राहतो मी. त्यानं कधी हिस्सा मागितला नाही आणि मी कधी विषय काढला नाही. यालाच भावाभावांचं प्रेम म्हणतात अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण गेटची कडी वाजून तो आत आला की दर वेळी मला वाटायचं, आला मागायला!

या वेळी कारण पोरीचं होतं. आमच्या चर्चमध्ये मे महिन्यात मुलांची बायबल शाळा भरते आणि पुतणीला तिथं जायचं होतं. आठ वर्षांची पोर. माझी बायको त्या शाळेत हस्तकला शिकवते. यंदा मक्याच्या कणसावरच्या सालींचे देवदूत करायचे होते. साली भिजवायला तिनं माझी अंघोळीची बादली उचलली. विचारलं तर म्हणाली, "दोन दिवस तांब्यानं घ्या की. देवाचं काम हाय."

आणि मग घरात विचित्र गोष्टी घडू लागल्या.

सकाळी उठलो तर माझ्या चपला दाराकडे तोंड करून जोडीनं ठेवलेल्या. मी चपला काढतो तेव्हा एक पायरीवर आणि एक बाकाखाली असते, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून ठेवलेला. खोबरेल तेलाच्या बोटांनी पुसल्यामुळे त्यातून सगळं जग धुक्यात दिसत होतं, पण पुसलेला. माझी खुर्ची उन्हातून उचलून सावलीत. भाकरीचा खरपूस पापुद्रा माझ्या ताटात. आणि एका सकाळी गेट उघडलं तर ते कुरकुरलंच नाही. कुणीतरी बिजागऱ्यांना तेल घातलं होतं.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मी घाबरलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पापुद्रा मला कधी मिळाला नाही. आज कसा काय?

बायकोला विचारलं, "माझ्या चपला कोण सरळ ठेवतंय?"

"मला काय ठाऊक?" म्हणून ती पदरात तोंड लपवून हसली. स्वयंपाकघरात जावा-जावांची कुजबुज चालायची आणि मी पाणी प्यायला गेलो की दोघी एकदम वालाच्या शेंगा सोलू लागायच्या.

मी हिशेब बांधला. भाऊ मला गोड करतोय. मोठा भाऊ मऊ झाला की एखाद्या दुपारी कागद पुढे ठेवणार. गेटला तेल घालणारा माणूस काय साधासुधा असतो? मी पाळत सुरू केली. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून मी त्याच्याकडे बघायचो. एकदा ते उलटं धरलेलं होतं, हे भावजयीनं सांगितल्यावर कळलं.

आणि सापडलं! एका दुपारी सगळे पडलेले असताना भाऊ गच्चीवर गेला. मी अनवाणी मागोमाग. वरची खोली बंद असते, तिच्यात माझं सामान आहे. तो खिडकीच्या गजातून आत बघत होता. मग खोलीच्या भिंतीला लागून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाऊल लावत चालला, ओठांनी मोजत. तापलेल्या स्लॅबवर माझे तळवे भाजत होते, तरी मी हललो नाही. आता पुराव्याची गरज उरली नव्हती.

मे हा मरियामातेचा महिना. आमच्या चर्चमधली कुटुंबं रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जमून जपमाळ म्हणतात. त्या दिवशी पाळी आमची. अंगणात सतरंज्या, स्टुलावर मूर्ती, मोगऱ्याचा हार. कारखान्यातली माणसं, रिटायर्ड सुभेदार, नर्सबाई आणि बायबल शाळा चालवणाऱ्या सिस्टर. जपमाळेनंतर ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं विनंती करायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, अशी आमची रीत. कुणी आजाऱ्यासाठी मागितलं, कुणी बारावीच्या निकालासाठी. मग मी डोळे मिटून घसा साफ केला.

"जी माणसं गोड वागून, चपला सरळ ठेवून, सख्ख्या भावाच्या घरावर डोळा ठेवतात, त्यांना सद्बुद्धी मिळावी, म्हणून आपण प्रभूजवळ प्रार्थना करूया."

तोंडाला सवय असते, कानाला नसते. अख्खं अंगण एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे." सगळ्यांत मोठा आवाज माझ्या भावाचा होता.

त्यानंतर सुभेदारांनी खोकून घेतलं. सिस्टरांनी घाईनं समाप्तीचं गाणं धरलं, तेही नाताळचं. सरबत न पिताच लोक उठले.

सकाळी भावाच्या बॅगा ओसरीवर आल्या. गेटबाहेर रिक्षा उभी. पुतणी पायरीवर बसून हुंदके देत होती, दोन्ही हात पाठीमागे.

"हिचं काय?" मी बायकोला विचारलं.

बायको आता फुटली. "आवं, तुमच्या चपला हिनं सरळ केल्या! चष्मा हिनं, गेट हिनं! शाळेत पोरांना सांगितलंय, घरातल्या एका माणसाचा गुपचूप देवदूत व्हायचं. शेवटच्या मिस्सेला त्याला आपण केलेला देवदूत द्यायचा. तवर बोलायचं न्हाई. मी शाळेतली बाई, मी कशी बोलू?"

"काकू! सांगितलंस तू!" पोरगी किंचाळली. "आता मी बाद!"

तिच्या हातातला मक्याच्या सालीचा देवदूत पुढे आला. पंख वाकडे, तोंड नाही.

"पण मीच का गं?"

तिनं नाक पुसलं. "सिस्टर म्हणाल्या, घरात ज्याच्याशी बोलायला सगळे भितात, तो निवडा."

भाऊ पाठमोरा बॅगेचा पट्टा ओढत होता, मला त्याचा फक्त कान दिसत होता. तो लाल होता.

"काल लय मोठ्यांदा म्हटलं की रं मी, ऐकून घे म्हणून," तो न वळता म्हणाला. "मला वाटलं, गल्लीतल्या कुणाचं तरी चाललंय. ताटावर बसलो, वहिनी मान वर करीना, तवा कळलं."

पाया पडायची ती वेळ होती. पण माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. मी म्हणालो, "मग वर पावलं कशाला मोजत होतास?"

भावजयीनं कपाळाला हात लावला. भाऊ मात्र वळला.

"मोजत होतो. खोटं कशाला बोलू? मागायलाच आलो होतो. हिस्सा न्हाई. आमच्याकडं हिच्या वयाचं एक पोर न्हाई चर्चात. म्हटलं, दर मे महिन्याला ती खोली मिळाली तर पोरगी येईल, तुझ्या-माझ्यात बोलणं राहील. दोन खाटा बसत्यात का बघत होतो."

"तोंडानं विचारायचं की."

"तुला?" तो एवढंच म्हणाला.

बाहेरून रिक्षावाला ओरडला, "पाव्हणं, जायचं का न्हाई?"

मी आत गेलो, खोलीची किल्ली घेतली आणि जिना चढू लागलो. मागे पावलं वाजतील की रिक्षाचं इंजिन, हे ऐकत. बऱ्याच वेळानं पावलं वाजली.

कुलूप उघडलं. आत भंगारात काढलेले व्हॉल्व्ह, तुटका कूलर, वडिलांची पेटी, कारखान्यातून आणलेले आणि कधी लागतील म्हणून ठेवलेले पाईप. अर्ध्या घराचा मालक उंबऱ्याबाहेर उभा होता आणि मी त्याला त्याचीच खोली दाखवत होतो. माझं चुकलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते.

"जरा कूलर धर," मी म्हणालो.

त्यानं एक बाजू धरली. खाली त्याच्या बायकोनं रिक्षा परत पाठवल्याचा आवाज आला. आम्ही कूलर घेऊन अर्ध्या जिन्यावर आलो, तेव्हा मी म्हणालो, "आजच दोन खाटा आणू. आणि मे महिनाच कशाला, दिवाळीलाही या. किल्ली तूच ठेव."

भाऊ थांबला. कूलर त्यानं पायरीवर टेकवला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दादा," तो डोळे बारीक करून म्हणाला, "खरं सांग, तुझ्या मनात काय हाय?"