सरांसाठी पाहिलेली गाडी
ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा नातवासाठी जुनी गाडी पाहायला गेलो, उन्हात तापलेल्या सीटचा वास आला आणि ती दुपार आठवली. साखरखेर्ड्याला मी शिकवायचो. माझ्याच शाळेतले एक सर देऊळगाव राजाहून रोज मोटरसायकलवर यायचे. मणका सरकल्यापासून त्यांना ते सोसेना, म्हणून त्यांनी एक जुनी गाडी हेरली. "सर, गाड्यांतलं तुम्हाले समजते. तुम्ही हो म्हणा, मंग घेतो," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी एकटाच शेतांमधल्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. खड्ड्यांतूनही ती अलगद जात होती, स्टिअरिंग बोटांनी वळत होतं. ती मलाच हवीशी झाली. परत येऊन म्हणालो, "अपघातातली आहे सर, खालून वेल्डिंग केलेलं दिसते. सोडा." त्यांनी सोडली. महिन्याभराने मीच ती घेतली आणि सरांना दुरुस्त करून घेतल्याचं सांगितलं. त्यांना ते खरंच वाटलं. देऊळगावच्या बालाजी मंदिरासमोर त्यांनी स्वतः आणलेला नारळ गाडीपुढे फोडला, कंबर धरत वाकून चाकांखाली लिंबं ठेवली. "मोडकं नांदवायचं तुम्हालेच जमते सर, मी तं फसलोच असतो," म्हणत ते हसले. निवृत्त होईपर्यंत ते मोटरसायकलवरच येत राहिले. शेवटच्या आजारात मी त्यांच्या खाटेशी तासभर बसलो, पावसापाण्याचं बोललो. पण "सर, त्या गाडीत काहीच खोट नव्हती, मला माफ करा," एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.