आमच्या लीगचा प्लेअर ऑफ द इयर

वाळूचं वादळ आलं की दारं-खिडक्या कितीही लावा, घरात बारीक वाळू साचतेच. किस्स्यांचंही तसंच. नव्वदच्या दशकात शारजात मी कॉलेजांच्या बास्केटबॉल लीगमध्ये घड्याळ आणि हॉर्न सांभाळायची. शाळा चौथीत सुटली. रूल-बुकचा अर्थ मी डिक्शनरी घेऊन स्वतः लावला. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो!

*

'प्लेअर ऑफ द इयर' कोच लोक मतं देऊन निवडत. आपल्या टीमच्या पोराला मत द्यायचं नाही, एवढाच नियम. मग आपलाच पोरगा जिंकावा म्हणून प्रत्येक शहाण्या कोचने लीगमधल्या सगळ्यात कच्च्या पोराला मत दिलं. निवडून आला उम्म अल कुवैनच्या कॉलेजचा एक पोरगा, अख्खा सीझन बाकावर बसलेला! ट्रॉफी हातात घेऊन मला विचारतो, "आंटी, अब तो मुझे खिलाएँगे ना?"

*

खरा खेळाडू आमचा गिरीश. त्याचे वडील सावंत, हमरिया फ्री झोनमध्ये जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात फोरमन. त्यांनी बजावलं होतं, "कॉलेज संपायच्या आत हा अवॉर्ड आणलास तर दुबईच्या क्लबात खेळ. नाहीतर यार्डात, माझ्या हाताखाली!"

पुढच्या वर्षी मतं खेळाडूंची. दुसऱ्या एका कॉलेजच्या फैसलकडे गाडी होती. मॅच संपली की निम्म्या लीगला तो घरी सोडायचा. जिंकला फैसल! गिरीश म्हणाला, "काकू, फर्गेट द जम्प शॉट. आय नीड अ लायसन्स!"

*

गिरीशच्या शेवटच्या वर्षी कमिटीने वैतागून ठरवलं: फायनल जिंकेल त्या टीमचा कॅप्टन तोच प्लेअर ऑफ द इयर. खलास! फायनलला एकीकडे कॅप्टन गिरीश, दुसरीकडे फैसल.

मॅचआधी गिरीशची आई करंज्यांचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "काकू, घड्याळाकडे जरा लक्ष असू द्या हं."

"माझं घड्याळाकडेच लक्ष असतं," मी म्हटलं, आणि डबा रिकामा करून परत दिला.

*

शेवटी गिरीशची टीम एका पॉइंटने मागे. त्याने लांबून बॉल टाकला, हॉर्न वाजला, बास्केट झाली, पोरं नाचायला लागली! रेफरी माझ्याकडे धावला.

"आंटी, पहले क्या? बॉल छूटा या हॉर्न बजा?"

"हॉर्न."

"सोच लो."

"सोचना क्या? मैंने बजाया है!"

ट्रॉफी फैसलला गेली. सावंत तडक माझ्या टेबलाकडे निघाले. मीही पदर खोचून उभी राहिले.

"काकू," ते म्हणाले, "शनिवारपासून यार्डात कामाला येता का? माझ्या हाताखाली असंच माणूस हवंय."

मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या मागून गिरीश ओरडला, "काकू, से येस! प्लीज!"