औक्षण संपेपर्यंत

मुलांनो, मतदान झाल्यावर माणसाच्या हातात काय उरतं, असं परवा फोनवर तुम्ही विचारलंत. मला माझ्या शेजारणीची आठवण झाली, म्हणून लगेच लिहायला बसले.

त्या पुनावळ्यातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. बोलणं खणखणीत, पण हसू आलं की पदर तोंडाला. मत मागायला कुठल्याही पक्षाचा उमेदवार येवो, त्या त्याचं औक्षण करतात. औक्षण चालू असताना कुणी जागचं हलत नाही. त्या निरांजन अगदी सावकाश फिरवतात आणि तेवढ्यात पाणी, रस्ता, दिवे सगळं विचारून घेतात.

निवडून आलेल्या नगरसेवकाने शाळेसाठी राखलेल्या मैदानावर पक्षाच्या कार्यालयाची शेड घालायला घेतली, खांबही रोवले. नारळ फोडायच्या दिवशी या ताट घेऊन हजर. सोबत मीही.

“मावशी, आटपा की,” एक कार्यकर्ता म्हणाला.

“थांब रं. दिवा फिरतोय तवर सायबांनी हलायचं न्हाई.” मग नगरसेवकाला गोड आवाजात, “दादा, ही जागा साळंची हाय का पक्षाची?”

भोवती सगळ्यांचे मोबाइल वर झाले. कपाळावर ओलं कुंकू घेऊन नगरसेवक अवघडून उभे होते.

“शाळेचीच, मावशी.”

“मंग खांब काढाया सांगा.”

त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे ताट खाली आलं.

आता कार्यकर्ते मावशींना ओळख दाखवत नाहीत. मला काळजी वाटते. त्या पदराआड हसतात.

शाळा अजून झालेली नाही. मैदान मोकळं आहे.