चिंध्या बांधलेला ताग

लेकीचं बाळंतपण उरकून कदबानू होडीतून उतरली आणि घाटावरच थबकली. फणसाच्या फांदीला चिंध्या बांधलेल्या होत्या. लाल, तिच्याच जुन्या साडीच्या. या चिंध्या शेताच्या कडेला, उभ्या तागाच्या बुंध्याला असायच्या. फणसावर यांचं काय काम?

गाठोडं तिथंच टाकून ती शेताकडे सुटली. शेत कसलं, बोडकं रान! सकाळीच कापणी झालेली. पाल्यासकट जुड्या बांधून उभ्या केल्या होत्या. दोन-चार दिवसांत पाला गळला की काड्या तळ्यात कुजत घालायच्या आणि सालीचा वाख, म्हणजे दोराचा धागा, सोलायचा, नेहमीचंच. पण कडेची ती एक ओळ, तिनं बियाण्यासाठी राखलेली, तीसुद्धा भुईसपाट झालेली!

"याद अली!"

तिचा धाकटा दीर बांधावर बसून मिरचीशी शिळा भात खात होता. नवरा गेल्यापासून शेत दोघांचं सामाईक. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आलात भाबी? नात कशी आहे?"

"नात चांगली आहे. माझी ओळ कुठाय?"

"कुठली ओळ?"

"चिंध्या बांधलेली, मुडद्या! दुसरी कुठली?"

"अहो, त्या दृष्ट लागू नये म्हणून होत्या ना? पीक हाती आलं, दृष्टीचं काम संपलं. गड्यांनी मानानं सोडून झाडाला बांधल्या. पायदळी जायला नकोत म्हणून."

आता गड्यांना काय बोलणार? ते पलीकडच्या चरावरून, नदीतल्या गाळाच्या बेटावरून आलेले. आमच्याकडे दृष्टीची चिंधी अशीच फळझाडाला बांधतात. आणि तागाचं बी राखतंय कोण हल्ली? ताग फुलावर आला की कापायचा, त्याला बी धरू द्यायचंच नाही. चैत्रात बाजारातून पुडी आणली की झालं. चिंधी म्हणजे बियाणं, हे त्या बापड्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण याद अली काय चरावरून आला होता?

कदबानू नवी नवरी म्हणून या घरात आली, त्याच वर्षी पूर आला. भात गेला, वांगी गेली, कोंबड्यासुद्धा गेल्या. छातीभर पाण्यात उभा राहिला तो फक्त ताग. हा आमचा देशी ताग पाण्याला भीत नाही, पण पाला असा कडू, की दोनदा उकळून पाणी फेकावं तरी घशाखाली उतरत नाही. याद अली तेव्हा एवढासा होता. भुकेनं रडायचा आणि पाला थुंकायचा. नव्या नवरीनं पाण्यात उतरून एकेका झाडाचं पान चावून पाहिलं, आणि एक झाड सापडलं बिनकडू. त्याचा पाला लसणावर परतून तिनं दिराला मांडीवर घेऊन भरवला. पोरगं खाऊन झोपलं. ते झाड तिनं कापू दिलं नाही. त्याचं बी धरलं. पुढं दरवर्षी त्यातलं उंच, सरळ, बिनफांद्याचं झाड तेवढं राखायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. शेंडा कुणाला खुडू द्यायची नाही. शेंडा खुडला की झाड फांद्या फोडतं आणि वाख तुटका निघतो. भाजी हवी तर दाटीतली रोपं उपटून न्या, म्हणायची, नाहीतर खालची पानं घ्या. अख्खं गाव नेत होतं. एका झाडावर भाजीही आणि वाखही, असं आसपासच्या कुठल्या घरात होतं सांगा!

आणि त्या तागावर यानं विळा चालवला.

"तुला माहीत होतं," कदबानू म्हणाली.

"भाबी, ताग काढून भात लावायचा, त्याला ती ओळ आडवी येत होती. दरवर्षी नांगर वळवून घ्यायचा म्हणजे..."

"मगाशी तर दृष्टीच्या चिंध्या म्हणत होतास!"

"वाटलं मला तसं. माणसाची चूक होते."

"चूक? थांब, दाखवते तुला चूक."

ओरडत बसायला तिला वेळ नव्हता. मागं एकदा वादळात झाड मोडलं, तेव्हा तिनं शेंड्याचे तुकडे ओल्या मातीत तिरके रोवले होते आणि ते जगले होते. हे शेंडे अजून हिरवे होते. पण तिचे शेंडे कुठले? दिसायला सगळी झाडं सारखी. शेतभर जुड्या, आणि तिच्या ओळीचा ताग कुठल्या जुडीत गेला ते गड्यांनाही सांगता येईना. फरक फक्त जिभेवर.

ती पहिल्या जुडीपाशी बसली. पान तोडलं, चावलं, थुंकलं. कडू. दुसरं कडू. तिसरंही कडूजहर. एक सापडलं, तिनं शेंडा कापून पदरात घेतला. मग पुन्हा कडू, कडू, कडू. गडी आधी हसले, मग गप्प झाले. ऊन कलायला लागलं. पाला मान टाकू लागला. आणि कदबानूची जीभ मेली. आता गोड पानही कडू लागत होतं. पाण्यानं चूळ भरली, गूळ खाल्ला, काही उपयोग नाही. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती उठली, पाल्यासकट काड्यांची मूठ घेऊन याद अलीसमोर उभी राहिली.

"तोंड उघड."

"भाबी, हे काय..."

"उघड म्हणते ना! माझ्या मांडीवर बसून खाल्लंस, आज उभ्यानं खा."

त्यानं चावलं आणि थुंकलं. दुसरं थुंकलं. चौथं की पाचवं पान होतं, ते चावता चावता तो थांबला. थुंकला नाही. गिळलं त्यानं.

"हे," तो हळूच म्हणाला. "हे तुमचं."

"ओळखलंस?"

त्यानं ती काडी वेगळी काढून तिच्या हातात दिली.

"डोळे मिटून ओळखतोस, आणि सकाळी उघड्या डोळ्यांनी कापलंस? जीभ शाबूत आहे रे तुझी, लाज तेवढी विकून खाल्लीस!"

गड्यांसमोर बोलली. दबक्या आवाजात बोलणं तिला जमतच नाही. याद अली खाली मान घालून पुढच्या जुडीकडे वळला. दिवस बुडेपर्यंत तो चावत होता आणि ती कापत होती. शेंडे गोठ्यामागच्या उंचवट्यावर रोवले. निम्मे जळाले, निम्मे जगले. पौषात शेंगा वाळून वाजू लागल्या, बी हाती आलं.

चैत्रात तो आला, दाराशी उभा राहिला. "भाबी, यंदा कडेची ओळ मी पेरतो."

तिनं बी दिलं. चिंध्याही दिल्या. "बांधायच्या तूच. तुझ्याच हातानं."

आता दर श्रावणात कापणीच्या आधी याद अली बुंध्याबुंध्याला लाल चिंध्या बांधत फिरतो. नवे गडी विचारतात, "चाचा, दृष्टीच्या का?"

"दृष्टीच्याच," तो म्हणतो. "माझी लागू नये म्हणून."

बांधावर बसलेली कदबानू ते ऐकते. हसत मात्र नाही.